आधी कल्ला उघडून बघा

सकाळी मासा पाण्यावर तोंड काढून हवा गिळायला लागला की तलाववाल्याच्या पोटात गोळा येतो. भंडारा जिल्ह्यातल्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर मला बोलावलं तेव्हा तेच चालू होतं. बोटुकली सोडून दोन महिने झाले होते. कटला काठाकाठाने फिरत होता, बांबूच्या खुंटांना अंग घासत होता, मध्येच उसळी मारून आडवा होत होता. मासेमार ढिवर समाजाच्या संस्थेचे एक वयस्क सभासद गुडघाभर पाण्यात उभे राहून मेलेले मासे टोपल्यात भरत होते. मला पाहून म्हणाले, "बाई, पानी तं साफ हाये. मंग मासे काऊन मरून रायले?"

मी पोचण्याआधी संस्थेचे तीन उपाय करून झाले होते. पहिल्यांदा चुना टाकला. मग लाल पोटॅश टाकलं. तरी मरतूक थांबेना, तेव्हा एका दुकानदाराने जनावरांच्या गोचिडावरचं औषध दिलं आणि तेही तलावात गेलं. मासे मरतच राहिले. औषधाने मेले ते झिंगे. चार दिवसांत ते काठाला लागले. त्या झिंग्यांवर गावातल्या बायकांची बाजारातली कमाई चालते. ती त्या हंगामापुरती संपली.

तीन उपाय झाले, पैसे गेले, झिंगे गेले. पण एकाही माणसाने एका तडफडणाऱ्या माशाचा कल्ला उघडून पाहिला नव्हता.

मी एक मासा जिवंत धरून कल्ल्याचं झाकण कापलं. निरोगी कल्ला लालभडक असतो. हा फिकट गुलाबी होता, कडा पांढरट, वर बुळबुळीत थर. कात्रीने चिमूटभर तुकडा काढला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला आणि पेटीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तो थेंब वळवळत होता. अर्ध्या-एक मिलिमीटरचे पारदर्शक कृमी मागच्या आकड्यांनी कल्ल्यात रुतून बसलेले, पुढचं टोक ताणून इकडेतिकडे चाचपत होते. प्रत्येकाच्या डोक्यावर चार काळे ठिपके. डॅक्टिलोगायरस. मी त्या वयस्क काकांना भिंगातून पाहायला लावलं. ते बराच वेळ डोळा लावून वाकून उभे राहिले. मग सरळ होऊन एवढंच म्हणाले, "हे आमाले आधी कोनी काऊन नाही दाखवलं?"

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे, आणि तो मी संतापाने लिहिते आहे. मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन मी गेली कित्येक वर्षं पूर्व विदर्भातल्या तलावांवर, बोड्यांवर, शेततळ्यांवर फिरते आहे. माशातल्या जंतांनी जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त नुकसान न बघता औषध ओतणाऱ्यांनी, न तपासता बीज विकणाऱ्यांनी आणि हे सगळं माहीत असूनही गप्प बसणाऱ्यांनी केलेलं मी पाहिलं आहे.

आधी जंत म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्याकडे कल्ल्यातला असो की आतड्यातला, अंगावरची ऊ असो की पोटातली रिबीन, सगळ्याला 'किडा' म्हणतात आणि सगळ्यावर एकच औषध मागतात. गडबड इथूनच सुरू होते.

कल्ल्यावरचे आणि कातडीवरचे चपटे कृमी थेट एका माशावरून दुसऱ्या माशावर जातात. त्यांना मधला कुणी लागत नाही. डॅक्टिलोगायरस अंडी घालतो. त्यातून निघालेलं पिल्लू पोहत निघतं आणि थोड्या अवधीत मासा सापडला नाही तर मरतं. त्याचा भाऊबंद गायरोडॅक्टिलस पिल्लंच देतो. आईच्या पोटात लेक आणि त्या लेकीच्या पोटात नात, जन्माआधीच तयार. विस्तीर्ण तलावात मासे विरळ असतील तर या कृमीचं फार चालत नाही. दाटी झाली की प्रत्येक पिल्लाला घर सापडतं.

आतड्यातल्या पट्टकृमीची वाट वेगळी आहे. त्याचं पिल्लू आधी पाण्यातल्या बारीक पिसवांसारख्या प्राण्यांच्या पोटात जातं, मासा त्यांना खातो, आणि कृमी आतड्यात बसतो. बोटुकलीचं पोट चिरल्यावर आतडं शेवयांनी ठासून भरल्यासारखं मी पाहिलं आहे. अशा माशाला कितीही ढेप-कोंडा घाला, तो वाढत नाही. शेतकरी म्हणतो खाद्य निकृष्ट होतं. खाद्य चांगलं होतं. खाणारा दुसराच होता.

तिसरी जात गोगलगाय, मासा आणि पक्षी अशी तिघांतून फिरते. गोगलगायीतून निघालेली पिल्लं माशाच्या कातडीत शिरतात आणि काळे ठिपके उठतात. काही थेट डोळ्याच्या भिंगात जाऊन बसतात आणि मासा आंधळा होतो. तो मासा पाणकावळ्याने किंवा ढोकरीने खाल्ला की चक्र पुरं होतं.

तीन वाटा आहेत, म्हणून त्या तोडण्याच्या जागाही तीन आहेत. कल्ल्याच्या कृमीसाठी दाटी कमी करायची. पट्टकृमीसाठी तळं उन्हाळ्यात भेगा पडेस्तोवर सुकवायचं. काळ्या ठिपक्यांसाठी शेवाळ, पाणवनस्पती आणि गोगलगायी काढायच्या. गोचिडाचं औषध यातल्या एकाही कृमीचं औषध नाही. ते गोचिडाच्या कुळातल्या आणि कवचाच्या प्राण्यांना मारतं. माशाच्या अंगावरची ऊ कवचाची, म्हणून तिच्यावर ते चालतं. पण झिंगाही कवचाचाच. ज्याने ते औषध त्या तलावात ओतायला सांगितलं त्याला हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावं असंही वाटलं नाही. त्याच तलावावर गुरं पाणी पितात, बाया धुणी धुतात. हा निष्काळजीपणा नाही, गुन्हा आहे.

आता खरा प्रश्न: कृमी त्या तलावात आला कुठून? दोनशे-तीनशे वर्षांचे हे तलाव कोहळी समाजाने बांधले, ढिवरांनी सांभाळले. त्यांत जंत होतेच, पण अशी मरतूक जुन्या लोकांना आठवत नाही. कृमी प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतो. पश्चिम बंगालहून हावडा-मुंबई मार्गावरून गोंदिया, भंडारा, नागपूरपर्यंत मत्स्यबीज येतं. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत हजारो पिल्लं एकमेकांच्या अंगावर. पिल्लांवर कृमी असला तर तोही पिशवीतून गावात पोचतो. पिशवी उघडली, तलावात ओतली, पावती फाडली, व्यापारी गेला. पिल्लं कुठल्या तळ्यातली, त्या तळ्यात रोग होता का, कुणी कल्ला पाहिला का, एकाही पावतीवर यातलं काही लिहिलेलं नसतं.

१९६६ च्या बियाणे कायद्याने पिकांच्या बियाण्याला कायद्याच्या चौकटीत आणलं. सोयाबीन उगवलं नाही तर शेतकरी तक्रार करतो, पंचनामा होतो, विक्रेत्याला जाब विचारला जातो. माशाचं बीज त्या कायद्यात येत नाही. मेलेल्या बोटुकलीचा पंचनामा होत नाही. ज्या माणसाने रोगट बीज विकलं तोच पुढच्या पावसाळ्यात त्याच गावात पिशव्या घेऊन उभा असतो, आणि संस्थेकडे दुसरा पर्याय नसतो.

बीजाबरोबर जंत येतो हे काही आजच कळलेलं नाही. आशियाई पट्टकृमी म्हणून ओळखला जाणारा कृमी गवत्या माशाबरोबर पूर्व आशियातून निघून जगभर पसरला. आपल्याकडे गवत्या १९५९ मध्ये आला. पंगस हा मासा १९९० च्या दशकात थायलंडहून बांगलादेशमार्गे आला, आणि त्याच्या कल्ल्यावरच्या कृमींच्या दोन जातीही भारतात पोचल्या, हे आपल्याच संशोधकांनी २०१४ मध्ये लिहून ठेवलं आहे. आज धरणांतल्या पिंजऱ्यांत सर्वात जास्त भरला जाणारा मासा तोच आहे.

एका न तपासलेल्या खेपेची किंमत काय असते ते नॉर्वेला विचारा. स्वीडनहून आलेल्या सॅमनच्या पिल्लांवर गायरोडॅक्टिलसची एक जात होती. १९७५ मध्ये ती तिथे पहिल्यांदा दिसली. पुढे पन्नासच्या आसपास नद्यांत पसरली. तिला संपवायला त्या देशाने नद्यांत रोटेनोन हे विष सोडून अख्ख्या नदीतले मासे मारले आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. एका श्रीमंत देशाला हे दशकानुदशकं करावं लागलं. आपल्या ढिवर संस्थेला तलाव विष घालून रिकामा करणं आणि नवीन बीज घेणं एकदाही परवडणार नाही.

म्हणूनच मला सरकारी आकड्यांचा राग येतो. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली, २०,०५० कोटींची. धरणांत पिंजरे लागले. साधारण ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ४ मीटर खोल अशा जाळीच्या चौकटीत हजारो मासे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान. पिंजऱ्याला पैसे, बीजाला पैसे, खाद्याला पैसे. माझा विरोध पिंजऱ्याला नाही. मी विचारते ते इतकंच: दाटीने जगणारा कृमी आणि दाटीने मासे ठेवणारा पिंजरा एकत्र येणार हे मत्स्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं, मग पिंजऱ्यासोबत तपासणारा माणूस का दिला नाही?

गाय आजारी पडली तर तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाना आहे. मासा आजारी पडला तर काय आहे? त्या मामा तलावाच्या संस्थेने कार्यालयात फोन केला तेव्हा "नमुना नागपूरला नेऊन द्या" असं उत्तर मिळालं. त्यांनी मेलेले मासे पिशवीत घालून बसने नेले. कल्ल्यावरचा कृमी मासा मेल्यावर फार टिकत नाही. गळून पडतो, विरघळतो. नागपूरला पोचलेल्या सडक्या माशात काही सापडलं नाही. कागदावर 'कृमी आढळले नाहीत' असं लिहून आलं आणि त्या कागदाच्या भरवशावर पुढचं औषध ओतलं गेलं. जिवंत मासा तळ्याकाठी तपासावा लागतो. हे ज्याला माहीत आहे तो "नागपूरला न्या" असं सांगू शकत नाही.

२०१३ पासून देशात जलचरांच्या रोगांचं राष्ट्रीय सर्वेक्षण चालू आहे. २०२३ मध्ये रोग कळवण्यासाठी मोबाइल अ‍ॅपही आलं. चांगली गोष्ट आहे. पण अर्ध्या मिलिमीटरचा कृमी मोबाइलच्या फोटोत दिसत नाही. फोटोत दिसतो तो फिकट कल्ला, आणि फिकट कल्ल्याची कारणं दहा असतात. सकाळी हवा गिळणारा मासा प्राणवायू कमी असला तरी तसंच करतो. भिंग आणि भिंगामागचा प्रशिक्षित डोळा याला पर्याय नाही.

आता माझ्याच लोकांबद्दल, म्हणजे शिकलेल्यांबद्दल. आपल्या विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांनी माशांतल्या कृमींवर प्रचंड लिहिलं आहे. मरळ, वाम, मागूर यांची आतडी चिरून नव्या-नव्या जातींची नावं ठेवली गेली, प्रबंध झाले, बढत्या झाल्या. २०११ मध्ये झेक आणि भारतीय संशोधकांनी मागूर माशातल्या एका गटाच्या पट्टकृमींची फेरतपासणी केली. नोंदवलेली नावं होती ५९. खऱ्या जाती निघाल्या ८. उरलेली ५१ नावं त्याच कृमींना पुन्हा पुन्हा दिलेली होती. तोच कृमी जरा आखडला, जरा ताणला, जरा वेगळ्या गावच्या माशात सापडला, की नवी जात.

ही ५१ नावं मला अस्वस्थ करतात. प्रत्येक नावामागे एक माणूस होता ज्याच्याकडे सूक्ष्मदर्शक होता, मासा होता आणि वेळ होता. त्याने माशाचं पोट उघडलं, कृमी काढला, नाव ठेवलं आणि माशाला विसरून गेला. हा कृमी कोणत्या महिन्यात वाढतो, किती झाला की माशाची वाढ खुंटते, तळ्यात काय केलं तर घटतो, हे त्या ढिवर काकांच्या उपयोगाचे प्रश्न होते. ते विचारायला फारसं कुणी तळ्यावर गेलं नाही. वर्गीकरण हे मोलाचं शास्त्र आहे. मी स्वतः त्याच्याच आधारावर भिंगाखालच्या कृमीचं नाव सांगू शकले. पण खोट्या नव्या जाती काढणं हे शास्त्र नाही, आणि ज्या गावच्या माशावर पदवी मिळवली त्या गावाला काहीच परत न देणं हा कृतघ्नपणा आहे.

आणि आपण मत्स्यपालक तरी काय करतो? ताजं कोंबडखत थेट पाण्यात लोटतो. एकरी सांगितलेल्या संख्येच्या दुप्पट बोटुकली सोडतो, कारण अर्धी मरेल असं गृहीत धरतो. आणि दाटीमुळेच अर्धी मरते. घाटावर मासा कापतो आणि आतडी तिथेच पाण्यात फेकतो. मेलेले मासे काठावर टाकतो, बगळे येऊन नेतात, आणि पुढच्या तळ्यात तेच जंत टाकतात. तळं सुकवायचा उन्हाळा आला की 'थोडं पाणी राहू दे' म्हणतो. मेलेला मासा चुना घालून पुरायला एक फावडं लागतं. एवढंही न करणाऱ्याने सरकारकडे बोट दाखवू नये.

खाणाऱ्यांनाही दोन शब्द. माशाच्या पोटातला जंत कुणी मोबाइलवर दाखवतो, ते चित्र गावोगाव फिरतं आणि बाजारात मासोळी विकणाऱ्या बाईच्या पाटीला गिऱ्हाईक लागत नाही. नीट ऐका: कल्ल्यातला कृमी माणसाला होत नाही. माशातून माणसाला होणारे जंत आहेत. ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाण्याची रीत आहे. त्यातून यकृतातला कृमी होतो आणि त्यातून पित्तनलिकेचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच त्या कृमीला कर्करोगकारक ठरवलं. पण तो कृमी शिजवल्यावर मरतो. आपल्याकडे मासा कालवणात उकळतो किंवा तव्यावर करपेपर्यंत भाजतो. आपल्या रांधणाऱ्या बायकांनी ही काळजी पिढ्यान्‌पिढ्या घेतली आहे. तेव्हा मासा नीट शिजवा, पोट साफ करा, आणि निर्धास्त खा. अफवा पसरवून गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका.

त्या मामा तलावाचं पुढे काय झालं ते सांगते. एवढ्या मोठ्या पाण्यात कल्ल्याच्या कृमीवर औषध देता येत नाही. देता आलं तरी अंडी मरत नाहीत, पुन्हा द्यावं लागतं, आणि खर्च माशाच्या किमतीच्या वर जातो. आम्ही जाळं ओढून मोठा मासा काढला, दाटी कमी केली, मेलेले पुरले आणि वाट पाहिली. मरतूक थांबायला तीन आठवडे लागले. उरला तो मासा ठेक्याची रक्कम भरण्यापुरताही नव्हता. म्हणजे उपचाराची वेळ तलावात बीज सोडल्यानंतर नव्हतीच. ती पिशवी सोडण्याआधी होती.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. मत्स्यबीज कायद्याच्या कक्षेत आणा. बीज कुठल्या तळ्यातलं आणि कुणी तपासलं हे पावतीवर लिहिणं सक्तीचं करा. जिथे तलाव आणि पिंजरे आहेत त्या प्रत्येक तालुक्याला एक सूक्ष्मदर्शक आणि एक मत्स्यशास्त्र पदवीधर द्या. शिरगाव, नागपूर, उदगीरच्या महाविद्यालयांतून मुलं दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडतात आणि भलत्याच नोकऱ्या शोधतात. पिंजऱ्याच्या अनुदानातला छोटा वाटा तपासणीसाठी बांधून ठेवा. कुठल्याही दुकानदाराने निदानाच्या चिठ्ठीशिवाय तलावात घालायचं औषध विकलं तर त्याचा परवाना रद्द करा. आणि विद्यापीठांनी माशातल्या कृमीवर प्रबंध करणाऱ्या प्रत्येकाला एक हंगाम तळ्याकाठी घालवायला लावावा.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर माझ्या तलाववाल्या भावांना आणि बहिणींना एकच विनंती आहे. या पावसाळ्यात बीजाची पिशवी आली की ती लगेच ओतू नका. शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत सूक्ष्मदर्शक असतो; गुरुजींना गळ घाला, तो मागून आणा. पिशवीतले पाच मासे काढा, कल्ला उघडा आणि बघा. काही वळवळताना दिसलं तर पिशवी परत करा. परत घेत नसेल तर पिल्लं लिटरला २० ते ३० ग्रॅम मिठाच्या पाण्यात काही मिनिटं बुडवा, अस्वस्थ झाली की लगेच काढा, आणि वेगळ्या टाक्यात ठेवून आठवड्याने पुन्हा कल्ला तपासा. कल्ला साफ दिसेपर्यंत एकही पिल्लू तलावात सोडू नका. एकदा ते पाण्यात गेलं की मी आले काय आणि नागपूरचा कागद आला काय, तुमच्या हाती टोपलं भरण्याशिवाय काही उरत नाही.